ठेंगणी दाढ

४ तारीख, सोमवार

बोललं की दुखतं, म्हणून लिहितेय. नाहीतर मला लिहायची हौस नाही. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर लिहिलं ते छाती, कंबर, बाही, उंची एवढंच. ही डायरी कापडवाल्याने वर्षाच्या सुरुवातीला फुकट दिलेली. पडून होती.

खालची दाढ. डावीकडची. बरेच दिवस ठणकतेय. सून म्हणाली, "आई, दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या." मी म्हटलं, दाढच आहे, पोट नाही. दुखेल आणि राहील. ती कधीच काही बोलत नाही. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, आमच्या शिवणाच्या दुकानात माझ्या शेजारच्या मशीनवर बसते, तरी तिच्या डोक्यात काय चालतं मला अजून कळलेलं नाही. शिलाई सरळ घालते, तेवढं पुरे.

आज शाळेच्या गणवेशांचं कापड कापलं. दुखत असलं की कात्री जास्त सरळ चालते, हे एक बरं आहे.

५ तारीख, मंगळवार

शेजारचा इस्त्रीवाला दारात येऊन उभा राहिला. "मास्तरीणबाई, गाल कुणी सुजवला? भांडलात का कुणाशी?"

"तुझ्याशीच भांडले असते, पण तोंड उघडत नाही."

"मग बाकीच्या गल्लीला सुट्टी म्हणायची." त्याने आपली कवळी काढून मला दाखवली. सगळे दात खोटे आहेत मेल्याचे. "सगळे एकदम काढून टाका. मी टाकले. आता दुखणार काय, कवळीची डबी?"

मी म्हटलं, तुझे दात आधीपासूनच खोटं बोलत होते, म्हणून काढावे लागले. हसला. जाताना मात्र सुनेशी कोपऱ्यात काहीतरी पुटपुटत होता. इस्त्रीचे कपडे असतील.

७ तारीख, गुरुवार

सून बाजारात गेली आणि मी काम उरकून टाकायचं ठरवलं.

आरशात बघितलं. डावीकडे खाली एक दाढ बाकीच्यांपेक्षा ठेंगणी आहे. पहिल्यापासूनच. बाकीच्या उभ्या आणि ही बसलेली. माझी खात्री झाली, हीच चोर. जी मान खाली घालून बसते तीच भानगड करते, हा माझा दुकानातला अनुभव आहे.

दोरा दुहेरी केला, मेण लावलं, फास केला आणि चिमट्याने ठेंगणीच्या गळ्यात घातला. दुसरं टोक पायमशीनच्या चाकाला बांधलं. स्टुलावर बसले, पाय मशीनच्या पायट्यावर. म्हटलं एक झटका आणि विषय संपला. हा पाय जन्मभर मशीन चालवतोय, कधी नाही म्हणाला नाही. आज हलेना. मी पायाकडे बघतेय, पाय माझ्याकडे. शेवटी डोळे मिटले आणि दाबला.

टक्क. दोरा तुटला. दाढ जागेवर. मी स्टुलावरून खाली.

स्वस्तातला दोरा. सून आणते. ती आल्यावर चांगली झाडली. "असला दोरा आणतेस? उद्या गिऱ्हाइकाची बटणं रस्त्यात पडतील."

"तुम्ही कशाला वापरलात, आई?"

"वापरला कशाला तरी."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग मशीनकडे बघितलं. चाकाला दोऱ्याचं टोक अजून लोंबत होतं. ते तिने सोडवलं, गुंडाळलं आणि कचऱ्यात टाकलं.

९ तारीख, शनिवार

गाल उशीसारखा झालाय. ताप आहे थोडा. सुनेचं हल्ली स्वयंपाकात लक्ष नसतं. सगळं गिचका करून ठेवते. भाजीचा लगदा, भाताची पेज, तिखट म्हणून नाही. मी काही बोलले नाही, कारण गिळायला सोपं जातं.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, ऐकत नाहीस ना? आता दोन्ही हात धरून उचलून नेतो." चेष्टेत म्हणाला. मी अशी काही ओरडले, "हात लावून तर बघ!" की तो दोन पावलं मागे गेला. सुनेच्या हातातलं भांडं पडलं. मलाही नवल वाटलं, एवढा आवाज माझ्यात आला कुठून.

मुलगा मुकाट्याने बाहेर गेला. सून मात्र माझ्याकडे बघत राहिली, एखादं कापड उलटं करून शिवण बघावी तशी.

१० तारीख, रविवार

इथे लिहायला हरकत नाही. कोण वाचतंय.

शाळेत असताना दातांचे डॉक्टर आले होते. वर्गात बाकं सरकवून एक खुर्ची ठेवली. माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, मला नको. एका बाईंनी हा हात धरला, दुसऱ्यांनी तो. शिपाई पायांवर बसला. मी नको नको म्हणत होते आणि ते सगळे माझ्यावरून एकमेकांशी बोलत होते, रविवारच्या सहलीचं. दात काढला, दुखलं किती ते आता आठवत नाही. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं ते आठवतं.

नंतर शाबासकी दिली, किती शहाणी मुलगी म्हणून. तेव्हापासून शाबासकी देणाऱ्यांवरही माझा विश्वास नाही.

बास. गळा दुखतोय, गिळताना आता मानेपर्यंत कळ जाते.

११ तारीख, सोमवार

सून म्हणाली, बाजारामागच्या गल्लीत दातांचा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरीणबाईंना अ‍ॅप्रन शिवून हवेत. मापं घ्यायला जावं लागेल.

"मग जा की."

"मला खांदा बसवता येत नाही. तुम्हीच म्हणता."

म्हणते खरी. आता गिऱ्हाईक सोडायचं म्हणजे मूर्खपणा. मापं घ्यायची आणि यायचं. तोंड उघडायचं कारण नाही. उद्या जाते.

१२ तारीख, मंगळवार

बरंच लिहायचंय.

सून बरोबर आली, टेप धरायला म्हणे. दवाखाना लहान, स्वच्छ. लवंगेसारखा वास. डॉक्टरीण तरुण आहे, बारीक, केस आखूड. "या आजी," म्हणाली.

"आजी कुणाची? मी गिऱ्हाइकाला आजी म्हणत नाही."

"बरं. मावशी चालेल?"

चालेल म्हटलं. हात पसरून उभी राहिली. मी खांदा घेतला, छाती घेतली, बाही. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला आहे तिचा. वाकून वाकून झालाय. आमच्या धंद्यात होतो तसाच. सांगितलं तिला. ती म्हणाली, "आईशप्पथ, हे मला कुणी सांगितलं नव्हतं." मग म्हणाली, "मावशी, तुमचं झालं ना? आता माझी पाळी. तुम्ही माझं माप घेतलंत, मी तुमचं घेते. आज कापाकापी नाही."

"म्हणजे कच्ची शिलाई."

"कच्ची शिलाई."

मी सुनेकडे बघितलं. ती टेप गुंडाळत होती, नको तितकी सावकाश.

खरं तर मी निघणार होते. पण माझ्याच दुकानात मी सगळ्यांना सांगते, ट्रायल दिल्याशिवाय कपडा मिळणार नाही. आता हिने ट्रायल मागितली तर नाही कुठल्या तोंडाने म्हणू? बसले. खुर्ची आपोआप मागे कलते. पाय वर, डोकं खाली. शेजारी एक मदतनीस बाई उभी होती. तिचे हात बघितले आणि मला घाम फुटला.

डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, एक नियम. तुमचा डावा हात वर गेला की मी थांबणार. का म्हणून विचारणार नाही."

"आणि धरायला कुणी येणार नाही?"

तिने मदतनीस बाईकडे बघितलं. "कुणी नाही. या बाईंना बाहेर पाठवू?"

"पाठव."

पाठवलं. तिने छोटा आरसा आत घातला. मी हात वर केला. थांबली. आरसा बाहेर. मी हात खाली घेतला, आरसा आत. परत वर केला. परत थांबली. तिसऱ्यांदा मी नुसतीच बघायला म्हणून केला, काही होत नव्हतं. तरी थांबली, आणि तोंडावर कंटाळा नाही. मला वाटतं मी बऱ्याच वेळा केला. आमच्या दुकानात एखादी बाई एवढ्या वेळा थांबवायला लागली तर मी तिचं कापड तिच्या हातात देऊन वाट दाखवीन.

जन्मात मी थांब म्हटल्यावर इतकं काही थांबलं नव्हतं. लाईट जाते, मुलगा रुसतो, गिऱ्हाईक ओरडतं, मशीन अडतं, सगळं आपापल्या मर्जीने. आज एक हात वर केला आणि एवढी शिकलेली बाई थांबली.

मग ती म्हणाली, "मावशी, हा दोरा कसला?"

फासाचा तुकडा ठेंगणीच्या गळ्यात तसाच राहिला होता. "सुनेने आणलेला," म्हटलं. काय केलं ते सांगितलं. चाक, पायटा, सगळं. ती हसून हसून खुर्चीच्या दांड्याला टेकली. सूनही हसली. सून हसते हे मला माहीत नव्हतं.

मग फोटो. एका यंत्रासमोर उभं केलं, हनुवटी टेकवली आणि यंत्र माझ्या डोक्याभोवती हळूहळू फिरलं, घूं करत. देवाभोवती कुणी फिरतं तसं. मी मनात म्हटलं, बघ काय दिवस आलेत.

परत खुर्चीत बसले, आणि मग भिंतीवरच्या पडद्यावर माझं तोंड.

मला वाटलं होतं भूत दिसेल. भूत नव्हतं. काळ्यात पांढरं. सगळ्या दाढा मुळांसकट उभ्या, झाडं जमिनीतून उपटली तर दिसतील तशा. मुळं केवढी! वर दिसतं ते काहीच नाही, खरं सगळं खाली. हाडाच्या आतून एक बारीक वाट जाते, ओठापर्यंत, ती शीर म्हणे. एवढं सगळं मी रोज घेऊन हिंडतेय, त्यानेच चावतेय, त्यानेच भांडतेय, आणि मला पत्ता नाही. कुणी शिवलं असेल हे? कुठेही उलटी शिवण नाही.

डॉक्टरिणीने बोट ठेवलं. "दुखते ती ही. मागची. मुळाशी पू झालाय. ही काढावी लागेल. असंच ठेवलंत तर सूज गळ्यात उतरेल, मग श्वासाचं काम आहे. थट्टा नाही."

"आणि ठेंगणी?"

"ठेंगणी तर निर्दोष आहे बिचारी." मग ती पडद्याजवळ गेली, नीट बघितलं, आणि तिचा आवाज बदलला. "मावशी, तुमचं वय?"

"सदुसष्ट."

"ही दुधाची दाढ आहे."

मला काही कळेना. दुधाचे दात पडतात. लहान पोरांचे पडतात. ती म्हणाली, "खालून नवीन दाढ येते आणि हिला ढकलते, म्हणून ही पडते. तुमच्या इथे खाली बघा. काही नाही. नवीन तयारच झाली नाही. मग ही थांबली. इतकी वर्षं कुणाची अशी टिकलेली मी पहिल्यांदा बघतेय. शिकताना पुस्तकात बघितली होती."

बदली माणूस आलाच नाही आणि हिने जागा सोडली नाही. ठेंगणी का, तर लहान मुलाच्या तोंडातली म्हणून. बाकीच्या वाढल्या, ही तेवढीच राहिली.

"कधी येते ही दाढ?" मी विचारलं.

"बाळ दोन-अडीच वर्षांचं असताना."

मी खुर्चीतून उठले, चप्पल घातली आणि बाहेर आले. सुनेने गोळ्या घेतल्या, पुढच्या सोमवारची वेळ घेतली. रस्त्यात ती दोनदा म्हणाली, "आई, हळू चाला." मी हळूच चालत होते.

१३ तारीख, बुधवार

माझी आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. फोटो नाही. आवाज आठवत नाही. आत्याने वाढवलं. आत्या भली, पण गोष्टी सांगायची तिला सवड नव्हती. एकदाच म्हणाली होती, दाढा येताना तू रात्रंदिवस किरकिर करायचीस, तुझी आई तोंडात बोट घालून हिरड्या चोळत बसायची, चावायचीस तरी काढायची नाही.

त्यातली ही.

मी चाकाला बांधलं होतं तिला.

१४ तारीख, गुरुवार

गोळ्यांनी सूज उतरतेय. काम केलं. दोन पॅन्ट अल्टर केल्या, एक फ्रॉक.

दुपारी काम करता करता सुनेला म्हटलं, "माझ्या अंगात आईने बघितलेलं आता काय उरलंय, बोल. केस काळे होते ते पांढरे झाले. कातडी बदलली. नखं किती कापली. दात सगळे नंतरचे."

"डोळे?"

"मोतीबिंदूत भिंगं बदलली की."

तिने हातातली बाही फिरवून घेतली. मग म्हणाली, "म्हणजे तेवढी एकच."

"तेवढी एकच."

तिने मशीन थांबवलं. आमच्यात बोलताना मशीन थांबवायची पद्धत नाही, धंदा आहे. पण थांबवलं. उठली, पाणी प्यायला दिलं, परत बसली. तिचा दोरा स्वस्त होता हे किती बरं झालं, असं मी म्हणणार होते. पण मग पुन्हा तसलाच आणेल.

१६ तारीख, शनिवार

इस्त्रीवाला विचारतो, "मग, कशी झाली मापं? घाबरला नाहीत ना खुर्चीला?" मी याला काही सांगितलं नव्हतं. या गल्लीत भिंतींना कान नाहीत, तोंडं आहेत.

आज दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, दोन रस्ते आहेत. ठेंगणीची मुळं झिजलीयत, ती नाजूक आहे. मागची काढताना जोर तिच्यावर येतो. दोन्ही काढल्या तर झटपट होईल. ठेंगणी ठेवायची तर मागचीचे आधी कापून तुकडे करावे लागतील, एकेक तुकडा सुटा काढायचा. वेळ लागेल. तुम्हाला खुर्चीत बराच वेळ बसावं लागेल. आणि तरी ती राहीलच असं वचन मी देत नाही."

"राहिली तर किती टिकेल?"

"एक वर्ष, दहा वर्षं. मला खरंच माहीत नाही."

माहीत नाही म्हणणारी डॉक्टर मी पहिल्यांदा बघितली. सोमवारी सांगते म्हटलं.

झटपट माझा स्वभाव आहे. मला रेंगाळलेलं चालत नाही. गिऱ्हाईक दारात, कपडा हातात. आणि त्या खुर्चीत बराच वेळ म्हणजे किती? त्या विचारानेच आत्ता हात गार पडलेत. पेन घसरतंय. एक दाढ. म्हातारीच्या तोंडातली. उद्या परवा पडणारच. तिच्यासाठी एवढं कशाला?

असं मी स्वतःला तीन-चारदा सांगितलं. पटेना.

१८ तारीख, सोमवार. संध्याकाळी

तोंडात कापूस आहे, म्हणून लिहूनच.

गेल्या गेल्या म्हटलं, "उसवायची. फाडायची नाही."

डॉक्टरिणीला लगेच कळलं. "वेळ लागेल, मावशी."

"लागू दे."

सुईला मी भीत नाही, बोटात किती घुसल्यात. पण तिची सुई बघितली आणि हात वर गेला. थांबली. मी म्हटलं, काही नाही, चालू दे. थोड्या वेळाने अर्धा ओठ, अर्धी जीभ दुसऱ्याच कुणाची झाली. बोट लावलं तर माझा गाल मला ओळख देईना.

मदतनीस बाई या वेळी लागणार होती, पाणी ओढायची नळी धरायला. डॉक्टरिणीने आधी विचारलं. मी त्या बाईला म्हटलं, "नळीच धर. मला नाही." ती म्हणाली, "तुम्हाला धरायची माझी हिंमत आहे का, आजी?" हिला आजी म्हणू दिलं.

मग सुरू झालं. आवाज कवटीतून येतो, कानातून नाही. माझ्या आत कुणीतरी लाकूड कापतंय असं. मी छताकडे बघत होते. डॉक्टरिणीचं एक बोट सगळा वेळ ठेंगणीवर होतं. दाबून नाही, नुसतं वर. उजव्या हाताने एवढं काम आणि डावं बोट तिथून हललं नाही. कापड सरकू नये म्हणून आम्ही बोट ठेवतो, तसं. पण आमचं बोट सुईच्या वाटेत आलं की आम्ही पटकन काढतो.

मध्येच कडाड् झालं. दुखलं नाही. पण त्या आवाजासरशी मी शाळेत. बाकं सरकवलेली, दोन्ही हात कुणीतरी धरलेले. मी नको म्हणतेय.

हात वर गेला. मला वाटलं जाणारच नाही, धरलेला आहे. पण गेला. सरळ वर.

सगळं थांबलं. यंत्र थांबलं, नळी थांबली. डॉक्टरिणीने दोन्ही हात बाजूला घेतले आणि नुसती बसली. मदतनीस बाईसुद्धा माझ्याकडेच बघत होती. कुणी विचारलं नाही. बाहेरून कुणाचा तरी खोकला ऐकू आला. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, दिवा फार डोळ्यांवर होता त्यामुळे. मी बघितलं माझ्या हाताकडे. वर, एकटा, मोकळा. म्हातारा हात. त्याला कुणीही धरलं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. हात मीच खाली घेतला.

मग एक तुकडा निघाला. मग दुसरा. वाडग्यात टणटण वाजले. "संपलं," ती म्हणाली. मी विश्वास ठेवेना. तिने वाडगं दाखवलं. काळी पडलेली चोरटी, आत पोकळ. आणि मग आरसा दिला. ओढलेल्या गालातून बघितलं. मागे लाल खड्डा, आणि खड्ड्याच्या काठावर ठेंगणी. बसलेली.

"हलतेय थोडी," डॉक्टरीण म्हणाली, "पण बसेल."

मग टाके. आता हे लिहिल्याशिवाय मी झोपणार नाही. सुई वाकडी, चंद्रकोरीसारखी. हातात धरत नाहीत, चिमट्यात धरतात. काळा रेशमी दोरा. जागा केवढी, तर डबीएवढी. उजेड कमी, कापड ओलं, आणि कापड जिवंत. ओलं कापड शिवून बघा कधी, सगळं गोळा होतं. हिने दोन्ही काठ असे जवळ आणले की ओढ नाही, चुणी नाही, आणि गाठ हवेतच चिमट्याभोवती फिरवून मारली. मी आरसा मागून परत बघितलं. तीन टाके, तिन्ही सारखे. जन्मभर शिवतेय मी. माझ्याने झालं नसतं.

तिला म्हणायचं होतं काहीतरी. ओठ बधिर होता. नुसतं "उं उं" झालं. ती म्हणाली, "हो मावशी, कळलं." काय कळलं तिला, देव जाणे.

दाराशी मुलगा उभा होता, काम सोडून आलेला. हात पुढे केला आणि मग थांबला, मी धरते का बघत. मी धरला.

२० तारीख, बुधवार

ठणका आहे, पण स्वच्छ ठणका. आतला नाही. सुनेने मऊ भात केला. आज लक्षात आलं, तीही तेच गिचका जेवतेय. आम्हा दोघींसाठी वेगळा, मुलासाठी वेगळा. किती दिवस चाललंय कुणास ठाऊक.

अ‍ॅप्रन तिनेच शिवून टाकले, मी आडवी असताना. उतरलेला खांदा मापाबरहुकूम बसवलाय. कुठेही खोट नाही. मग मागे जमत नाही का म्हणाली? विचारलं. म्हणाली, "जमला असेल चुकून."

२५ तारीख, सोमवार

आज टाके काढले. चिमट्याने एकेक दोरा, मुंगी चालल्यासारखं. दवाखान्यात बाहेर एक धिप्पाड माणूस बसला होता, रुमाल गालाला. मला म्हणाला, "काकू, दुखतं का हो?" मी म्हटलं, हो. थोडं. पण हात वर केला की थांबते ती. तो म्हणाला, खरंच? मी म्हटलं, करून बघ, मीही करून बघितलं.

आत काम झाल्यावर डॉक्टरीण म्हणाली, "ठेंगणी घट्ट बसलीय, मावशी. तुमचं आता काही नाही. पुढच्या वर्षी दाखवा."

मी चप्पल घालत होते. सहज विचारलं, "वय काय गं तुझं?"

"एकतीस."

आत्या सांगायची, आई गेली तेव्हा चोविसाची होती. म्हणजे ही पोर माझ्या आईपेक्षा मोठी. मी कधी असा हिशेब केलाच नव्हता. मी आईला कायम म्हातारी समजत आले, माझ्याहून मोठी ती म्हातारीच असणार. ती तर पोरगी होती. हिच्यापेक्षाही लहान. रडक्या पोरीच्या तोंडात बोट घालून बसलेली एक पोरगी. चावलं तरी न काढणारी.

मी तिथेच उभी राहिले. डॉक्टरीण म्हणाली, "काही राहिलं का, मावशी?"

दुकान उघडायचं होतं. गणवेश द्यायचे होते, लोक वाट बघत असणार. बाहेर तो धिप्पाड माणूसही होता.

चप्पल काढली. खुर्चीवर जाऊन बसले. म्हटलं, "अजून एकदा बघून घे."

आणि तिने सांगायच्या आधी तोंड उघडलं.